तीन टोले

दिवा राहू दे बंद. डास येतात. शिवाय उजेड दिसला की तुम्ही पोरं मोबाइल काढता आणि माझं बोलणं भिंतीला ऐकावं लागतं.

तर तुझी चूक नाही रे. तू नवा आहेस, तुला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी भरली म्हणून तू बेलची दोरी ओढून तीन टोले दिलेस आणि ड्रायव्हरने भर रस्त्यात ब्रेक मारून तुझा उद्धार केला. शिकवताना तुला सांगितलंच असेल, एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे गाडी भरली, आता मधे कुठे थांबू नकोस. बरोबर आहे ते. पण आपल्या डेपोत तिसरा टोला कुणी देत नाही. गाडी फुटायला आली तरी देत नाही.

का, ते सांगतो. मी तेव्हा इथे कंट्रोलर होतो, गाड्यांच्या वेळा माझ्या हातात. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या हाताखालचा कंडक्टर. त्याने याच खोलीत बसून मला सगळं सांगितलं, आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मधे कुणी बोलायचं नाही. ज्याची छाती नाजूक असेल त्याने आत्ताच पांघरूण ओढून घ्यावं.

साथीची दुसरी लाट होती. एप्रिलची वीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी सहाला हा कंडक्टर औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. काम अगदी साधं. बहिणीचा दम्याचा पंप संपत आला होता. नवा घ्यायचा, आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीत घराजवळच्या, पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर गाडी मिनिटभर उभी करून तिच्या नवऱ्याच्या हातात द्यायचा. तीन दुकानं फिरून झाली होती. चौथ्यात एक पंप निघाला, तोही शेवटचा. त्याने तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून दोनदा चाचपला आणि दिवसभरात पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला. मास्कच्या आतल्या आत, अर्थात.

डेपोत त्याला सगळे फवारा म्हणायचे. कमरेला जंतुनाशकाची बाटली लटकवलेली असायची. माणूस सीटवरून उठायच्या आत हा तिथे फस्स करून मोकळा. एकदा एका शिंकणाऱ्या म्हाताऱ्याच्या थेट तोंडावर फवारलं. केवढा तमाशा झाला होता! मीच मिटवला तो.

पण त्याच्या भीतीला कारण होतं, हेही सांगायला हवं. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा, आणि ताई पंधराची. तिने स्वतःची शाळा सोडून याला वाढवलं, लग्न झालं तेव्हा नवऱ्याला पहिल्या दिवशीच बजावलं की भाऊ माझ्याबरोबर राहील. तो भला माणूस होता, शिंपी. हा त्याला दाजी म्हणायचा. दाजींनी जुन्या गणवेशांच्या कापडाचे मास्क शिवून अख्ख्या डेपोला वाटले होते. याला म्हणायचे, "मेहुण्या, अर्धं तोंड झाकल्यापासून तू बरा दिसायला लागलास हं." ताई हसायची, आणि हसता हसता तिला दम लागायचा. लहानपणापासूनचा दमा. तिला हा रोग झाला तर ती वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून हा घराबाहेरच्या पडवीत झोपायचा, ताट वेगळं, पाणी वेगळं, आणि दाराच्या बाहेर उभा राहून ताईशी बोलायचा. रोज शंभर माणसांच्या श्वासात उभं राहायचं आणि रात्री त्या एका श्वासाच्या दाराशी येऊन झोपायचं... कसं जमवत होता कुणास ठाऊक.

शंभर म्हणालो, पण शंभर कुठले? गाड्या ओस पडल्या होत्या. एरवी दाराच्या दांडीला लटकून जाणारी माणसं आता बारा-बारा किलोमीटर चालत जायची. एका मोटारसायकलवर चौघं बसतील, पण बसमध्ये चढणार नाहीत. चढलीच तर खिडकीला, दांडीला, सीटला, कशालाही हात न लावता उभी राहायची आणि वळणावर एकमेकांच्या अंगावर पडायची. एकदा एका बाईला पाणी पिताना ठसका लागला. नुसता ठसका! निम्मी गाडी माळावर उतरून गेली, भर उन्हात. तुम्ही हसताय. आम्हीही हसलो होतो. मग आपल्याच शिफ्टमधला एक कंडक्टर चार दिवसांत गेला, आणि हसणं बंद झालं.

त्या दिवसांत नियम आला की निम्म्याच सीटा भरायच्या, उभं कुणी राहायचं नाही. ड्रायव्हरच्या मागे वरपासून खालपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा ठोकला. दुधासारखा पांढुरका, आरपार काही दिसायचं नाही. आतल्या आरशात ड्रायव्हरला तेवढं प्लास्टिक दिसे. म्हणजे गाडीत किती माणसं आहेत हे त्याला कळायचा मार्ग एकच. बेल. कंडक्टर सांगेल ते खरं.

आणि फवाऱ्याने इथेच ते केलं. थांब्यावर कुणी खोकणारं, कुणाला धरून उभं असलेलं, घाम फुटलेलं दिसलं की हा लांबूनच दोरी ओढायचा. एक, दोन, तीन. गाडी भरली. ड्रायव्हर मामा गाडी दामटायचे. आत कधी चार माणसं असायची, कधी दोन. शेवटच्या थांब्यावर, इस्पितळाच्या फाटकाशी, तेवढीच उतरायची. मामांना ते दिसायचं. एकदा त्यांनी विचारलं, "काय रे, भरलेली गाडी इतक्यात वाटेत सांडली का?" हा सीटवर फवारत राहिला. मामांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या घरीही नातवंडं होती.

असं महिनाभर चाललं. त्यातली तीन एप्रिलची रात्र तेवढी लक्षात ठेवा.

शेवटची फेरी. टोकाच्या गावाहून नऊ दहाला निघायची, दहा पाचला इस्पितळ. साडेनऊच्या सुमाराला बर्फाच्या कारखान्याचा थांबा लागतो. तिथे दिव्याखाली एक माणूस उभा होता. बायकोला काखेत धरून त्याने जवळजवळ उचललंच होतं. तिची मान मागे पडलेली. दुसरा हात वर करून तो हलवत होता, नुसता हलवत होता. गाडीत त्या दिवशी दोन माणसं होती. बेचाळीस सीटा, दोन माणसं. फवाऱ्याने ताईचा विचार केला, डोळे मिटले आणि तीन टोले दिले.

तो माणूस गाडीमागे धावला. बायकोला तसंच धरून धावला. पत्र्यावर त्याने थाप मारली, ती आत ऐकू आली. तो ओरडला, "उभे राहतो! आम्ही उभे राहतो हो!"

सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याला ती दोघं त्याच थांब्याच्या बाकावर दिसली. बाई रात्रीच गेली होती. तो तिला धरून बसला होता, सोडायला तयार नव्हता. पाचव्या दिवशी तोही गेला. टेम्पोवाल्याने डेपोत येऊन हे सांगितलं तेव्हा फवारा माझ्यासमोर उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, साथीची बातमी ऐकून घाबरला. त्या दिवसापासून त्याने तीन टोले दिले नाहीत. पण कुणाला बोललाही नाही. ताईलाही नाही.

आता त्या वीस तारखेच्या रात्रीकडे.

टोकाच्या गावात गाडी उभी होती. एकही उतारू नाही. नऊ वाजले आणि याचा फोन वाजला. दाजी.

"मेहुण्या, पंप मिळाला का रे?"

"मिळालाय दाजी. खिशातच आहे. पावणेदहाला टाकीच्या थांब्यावर या."

"पंपाने भागेलसं वाटत नाही." दाजींचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "तिचे ओठ निळे पडलेत. बोलता येत नाहीये तिला. रुग्णवाहिकेला फोन केला, ते म्हणतात तीन तास. शेजारच्या रिक्षावाल्याने दारच उघडलं नाही, आतून हात जोडले. मी तिला थांब्यावर घेऊन येतो. तू तिला गाडीत घे."

"घेतो. तुम्ही निघा. दाजी, तुम्ही फक्त थांब्यावर उभे राहा."

"गाडी थांबेल ना रे?"

कसला प्रश्न हा, स्वतःच्या मेहुण्याला! दाजींनी सहज विचारला असेल. पण फवाऱ्याला पत्र्यावरची ती थाप आठवली. त्याने मामांना पडद्याच्या फटीतून सांगितलं, टाकीच्या थांब्यावर ताईला घ्यायचंय, मग कुठे न थांबता सरळ इस्पितळ. मामा म्हणाले, "बस तू. आज गाडी उडवतो." आणि ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच त्यांनी गाडी काढली.

नऊ पाच. गाडी रिकामी. आत दोनच दिवे चालू होते. फवारा मागच्या दाराशी आपल्या जागेवर उभा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो खिशावर हात दाबून मिनिटं मोजत होता. देवाला काय काय बोलत होता, ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

साडेनऊच्या आत बर्फाचा कारखाना आला. थांब्यावर कुणी नव्हतं. याने ओझरतं पाहिलं आणि नजर वळवली. रोजच तो तिथे मान खाली घालायचा.

टण्.

एक टोला.

याने दोरीला हात लावला नव्हता.

गाडी थांबली. मामांनी पुढून दार उघडलं. "चला लवकर!" ते ओरडले.

कुणी चढलं नाही. फवाऱ्याला दिसत होतं. दार उघडं, बाहेर रिकामा थांबा, दिव्याखाली रिकामा बाक. पण पायरी कुरकुरली. आणि गाडी किंचित खाली बसली.

मग पुन्हा कुरकुरली.

पुन्हा.

तुम्ही नवे आहात, तुम्हाला अजून कळायचं आहे. भरलेली गाडी कंडक्टरच्या तळपायाला कळते. डोळे बांधून उभं करा, मी सांगेन आत किती माणसं आहेत ते. फवाऱ्याच्या तळपायाला कळत होतं. दहा. वीस. तीस... स्प्रिंगा दबत होत्या. टप्प्याटप्प्याने. सावकाश. कुणाला काही घाई नव्हती.

तो दाराच्या दांडीला चिकटून उभा राहिला.

टण् टण्.

गाडी निघाली. चढावर इंजिन कण्हायला लागलं. पडद्यापलीकडून मामा म्हणाले, "काय रे, आज जड का लागतेय? कुणाचं लग्नाचं वऱ्हाड घेतलंस की काय?"

याने पुढून मागे नजर फिरवली. गाडीत कुणी नव्हतं. सीटा रिकाम्या होत्या. मधली वाट रिकामी होती. पण गरम व्हायला लागलं होतं. बंद खोलीत खूप माणसं असली की होतं तसं. घामाचा वास. औषधांचा. अंगावर दोन-दोन दिवस राहिलेल्या कपड्यांचा.

पाण्याची टाकी दिसली. लांबून दिसते ती, वरचा लाल दिवा असतो. आणि तिच्याखाली थांबा. आणि थांब्यावर दाजी. ताईला काखेत धरून उचललेलं. तिची मान मागे पडलेली. दाजी दुसरा हात वर करून हलवत होते.

फवाऱ्याने दोरी ओढली. एकदाच.

टण् टण् टण्.

त्याला वाटलं, घाईत हात चुकला. त्याने पुन्हा ओढली. एकदा. मोजून एकदा.

टण् टण् टण्.

गाडीचा वेग वाढला. "मामा! थांबा! मामा!" तो ओरडला. इंजिनाच्या आवाजात काही पोचलं नसावं. थांबा आला. खिडकीतून ताईचा चेहरा दिसला, अगदी हाताच्या अंतरावरून. निळा. उघडं तोंड. दाजींचे डोळे. गेला... थांबा मागे गेला.

तो पुढे धावला. धावला म्हणजे एक पाऊल टाकलं. दुसरं टाकता येईना.

मधे माणसं होती.

दिसत काही नव्हतं. पण खांद्याला खांदा लागला. कोपर बरगडीत रुतलं. पाठीशी पोट. पायावर पाय. वर्षभर ज्याने कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, त्याच्या अंगाला चारी बाजूंनी माणसं लागली होती. मानेवर श्वास. गालावर श्वास. गरम.

"सरका... पुढे सरका..." कंडक्टरच्या तोंडी असतं ते त्याच्या तोंडून आपोआप आलं. "जाऊ द्या हो. माझी बहीण आहे. माझी ताई राहिली मागे."

कुणी हललं नाही.

"पाया पडतो. जाऊ द्या. ती मरेल हो. तिला श्वास घेता येत नाहीये."

काही नाही. नुसते श्वास. मग ते सगळे श्वास हळूहळू एकसारखे व्हायला लागले. आत ओढलेले. अडकलेले. कारखान्याच्या थांब्यावरच्या त्या बाईची छाती जशी ओढत होती तशा तीस-चाळीस छात्या, त्या अंधाऱ्या रिकाम्या गाडीत, एकदम...

तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. आणि रडता रडता जे सतरा दिवस कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेला.

"जागा होती. त्या रात्री गाडीत जागा होती. चाळीस सीटा रिकाम्या होत्या. मी खोटी बेल दिली. मी घाबरलो होतो. तुम्ही उभे राहतो म्हणालात, तेही मला ऐकू आलं होतं."

श्वास थांबले.

सगळे. एकदम.

आणि समोरचं मोकळं झालं. तो पुढे असा कोसळला की थेट प्लास्टिकच्या पडद्यावर जाऊन आदळला, पडदा खिळ्यांसकट उचकटला. मामांनी करकचून ब्रेक मारला. मागे वळून त्यांनी रिकामी गाडी पाहिली, याचं तोंड पाहिलं.

"अरे, तूच तीन दिलेस ना? दोनदा दिलेस! मला थांब्यावर कुणी दिसलंही नाही. वाटलं, ताईला मघाशी कारखान्याशीच घेतलं..."

हा ऐकायला थांबलाच नाही. उतरून मागे पळत सुटला. अर्धा किलोमीटर अंधार. पळताना त्याला एकच दिसत होतं, सकाळचा दुधाचा टेम्पो, आणि बाकावर ताईला धरून बसलेले दाजी. आता आपलं असंच होणार. आणि होऊ दे, असंही त्याच्या मनात आलं. मग लगेच, नको, नको, तिने काय केलंय कुणाचं! मला घ्या हवं तर, पण तिला नको. तो पळत पळत मोठ्याने बोलत होता.

थांब्यावर दाजी होते. बाकावर बसलेले. एकटे.

"ताई कुठे आहे?"

दाजींनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण शांत होता. "पोचली का ती? तू मागे कशाला आलास? तिच्याजवळ थांबायचं ना."

"दाजी, ताई कुठे आहे?"

"अरे, गाडीत दिली ना तुझ्या! असं काय करतोस? गाडी थांबली, दार उघडलं, तूच हात दिलास की तिला."

"गाडी थांबली नाही, दाजी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी स्वतः चढवली तिला. इतकी भरलेली गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. दारापर्यंत माणसं. मला वाटलं, आता काय घेतात! पण सगळे सरकले रे. एका शब्दाने कुणी कुरकुरलं नाही. तिच्यापुरती जागा झाली तेवढी, माझ्यापुरती नव्हती. म्हटलं, राहू दे, तिला न्या, मी चालत येतो."

"कोण... कोण होते गाडीत?"

"मास्क बांधलेले सगळे. तोंड कुणाचं दिसतंय आजकाल?" दाजींनी मास्क नाकावर ओढला. "एक बाई होती. नवऱ्याने धरलेली होती तिला, आजारीच दिसत होती बिचारी. खिडकीची जागा तिची होती. ती उठली, आणि तिने तुझ्या ताईला बसवलं."

फवारा तिथेच मातीत बसला.

मामा गाडी मागे घेऊन आले. दोघांनी मिळून दाजींना चढवलं. गाडीत ताई नव्हती. मागच्या सीटांखाली, पायऱ्यांवर, सगळीकडे पाहिलं. मग तिथून इस्पितळापर्यंत मामा गाडी हळू चालवत राहिले, आणि हे दोघं दोन्ही दारांतून टॉर्च मारत कडेच्या चरांत बघत राहिले. वळणं, मोऱ्या, झुडपं. दाजींच्याही लक्षात आता आलं होतं की ज्या गाडीत त्यांनी बायको चढवली ती ही नव्हे. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मेहुण्या, मी तिला कुणाच्या हातात दिली रे?" हा चरात टॉर्च मारत राहिला. त्या पंचवीस-तीस मिनिटांत आपले केस पांढरे झाले असं तो म्हणायचा. काही झाले नव्हते, मी रोज बघत होतो. पण म्हणायचा खरा.

दहा वाजून वीस मिनिटांनी इस्पितळाचं फाटक आलं. हा उडी मारून पहारेकऱ्याकडे धावला. बाई, दमेकरी, निळे ओठ, असं काहीबाही बोलत सुटला.

"ती होय?" पहारेकरी म्हणाला. "आत आहे. प्राणवायू लावलाय. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर खेळ आटोपला असता. पावणेदहाला आणली तिला."

टाकीपासून इस्पितळ वीस मिनिटांवर आहे, पोरांनो. गाडी टाकीपाशी आली तेव्हाच पावणेदहा व्हायला आले होते.

"कुणी आणली?" याने विचारलं.

"कुणी म्हणजे? तुमच्या बसनेच की! अख्खी गाडी उतरली इथे. आत घुसतात की काय म्हणून मी ओरडलो, अंतर ठेवा, अंतर ठेवा. पण शहाणी माणसं होती हो. रोज इथे मारामारी होते. हे सगळे गपचूप फरशीवर आखलेल्या एकेका गोलात जाऊन उभे राहिले, दाराकडे तोंड करून. तिला आत घेईपर्यंत कुणी हललं नाही. मी आत नाव लिहायला गेलो, तिथल्या रांगेत अडकलो, तो आत्ता परत येतोय..." पहारेकऱ्याने अंगणाकडे पाहिलं. "गेले वाटतं. कशाने गेले? गाडी तर तुम्ही आत्ता आणलीत."

अंगणात कुणी नव्हतं.

ताई वाचली. अकरा दिवसांनी घरी आली, अजून आहे, मला भेटली की आवाज चढवून बोलते. त्या रात्रीचं तिला फारसं आठवत नाही. एवढंच म्हणते की गाडीत खूप माणसं होती, पण वारा माझ्याच तोंडावर येत होता. फवारा हे ऐकून दरवेळी उठून बाहेर जायचा. ताई बरी झाल्यावर त्याने सगळ्या डेपोसमोर उभं राहून जे केलं ते सांगितलं. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. पण वाचवलेल्या माणसाकडे बघताना ज्यांना आपण मारलं ती दिसावीत, ही शिक्षा कुणी दिली नव्हती, आणि ती कधी संपेल असं मला वाटत नाही.

आता मी पाहिलं ते. रात्री मामांचा फोन आला म्हणून मी पहाटे साडेपाचला इस्पितळात पोचलो. नुकतं उजाडत होतं. दारापासून फाटकापर्यंतच्या फरशीवर चुन्याने गोल आखलेले होते, माणसांनी लांब लांब उभं राहावं म्हणून. चाळीस तरी असतील. प्रत्येक गोलात पावलांची एक जोडी उमटली होती. अनवाणी. ओली. सगळी दाराकडे तोंड करून. झाडणारी बाई माझ्यासमोर पाणी मारून खराटा फिरवत होती. चुना निघून गेला, गोल पुसले गेले. पावलं तशीच होती. तिने पुन्हा पाणी मारलं. तशीच.

एका जागी मात्र जोड्या दोन होत्या, अगदी लागून. एक पुरुषाची, पूर्ण उमटलेली, जड. आणि तिच्या शेजारी बाईची...

तिचे फक्त चवडे उमटले होते. टाचा नव्हत्या. कुणीतरी तिला अजून उचलून धरलं होतं.